'डीओच का?' याचं उत्तर पाठ करण्याआधी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू न्यू जर्सीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहेस. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत, एमडी आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची). तू दोन्हीकडे अर्ज केलेस आणि आतापर्यंत दोन ऑस्टिओपॅथिक कॉलेजांकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. एका ठिकाणी तिघांचं पॅनेल आहे, दुसरीकडे एमएमआय, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांची मुलाखत. डीओ डॉक्टरबरोबर शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम पाहणं, जेमतेम झालंय. बाबा सांगतात, 'एमडीलाही अर्ज केलाय हे कळू देऊ नकोस.' आणि तुला वाटतंय की 'डीओच का?' या प्रश्नाचं पक्कं उत्तर कुणीतरी लिहून द्यावं.

मी पेनसिल्व्हेनियात फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करते. स्वतः डीओ आहे आणि बऱ्याच वर्षांपासून एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजसाठी प्रवेशाच्या मुलाखती घेते. वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून 'तू'च म्हणते. या प्रश्नावर अडखळणारी मुलं मी खूप पाहिली. त्यातल्या बहुतेकांकडे तयार उत्तर असतं. पण ही पदवी आपल्याला खरंच हवी आहे का, हे त्यांनी स्वतःशी ठरवलेलं नसतं आणि ते लपवण्यात त्यांची सगळी शक्ती जाते. समोर बसलेल्याला ते दोन मिनिटांत कळतं. म्हणून मुलाखतीच्या आधी तुझं काम हे आहे: फक्त या दोन कॉलेजांतूनच प्रवेश मिळाला, तर मी तो मनापासून घेईन का? याचं उत्तर तुझ्याकडे असलं की बोलणं सोपं होतं. ते ठरवायला माहिती लागते, आणि तीच माहिती मुलाखतीतही कामाला येते.

आधी बाबांच्या सल्ल्याबद्दल. 'एमडी कॉलेजांनाही अर्ज केलेत का?' हे काही जण सरळ विचारतात. डीओचे अर्ज आकोमास या सेवेतून जातात, एमडीचे ॲमकासमधून, त्यामुळे कॉलेजला तुझे दुसरे अर्ज दिसत नाहीत. तरीही खोटं बोलू नकोस. दोन्हीकडे अर्ज करणारी मुलं इतकी आहेत की 'हो, केलेत' या उत्तराने कुणी दचकत नाही. त्यानंतर तू काय बोलतेस याकडे लक्ष असतं. 'हो, मला डॉक्टर व्हायचं आहे आणि दोन्ही मार्ग तिथे नेतात. पण तुमच्या अभ्यासक्रमातली ही गोष्ट मला तिकडे मिळाली नसती' इथपर्यंत तुला येता आलं की झालं. 'ही गोष्ट' म्हणजे नेमकी कोणती, ते मात्र तुलाच शोधावं लागेल.

शोध इतिहासापासून सुरू कर. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेच्या सीमेवरच्या वस्त्यांत काम करणारा डॉक्टर होता. 1864 मध्ये त्याची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली. त्या काळची औषधं म्हणजे पाऱ्याचं कॅलोमेल, रक्त काढणं, अफू. अशा उपचारांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्याने आपली वेगळी विचारसरणी जाहीर केली आणि 1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात स्त्रियाही होत्या. एवढं बऱ्याच मुलांना पाठ असतं. फार थोड्यांनी पुढचा विचार केलेला असतो: स्टिल जवळजवळ सगळ्याच औषधांच्या विरोधात होता आणि आजचा डीओ रोज प्रिस्क्रिप्शन लिहितो. मग त्याचं काय टिकलं आणि काय मागे पडलं? हा प्रश्न मी स्वतः विचारते. याचं एकच बरोबर उत्तर नाही. मुलाने त्यावर विचार केलाय की नाही, एवढंच मला पाहायचं असतं.

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियाचा, 1962 चा. तिथल्या एमडी आणि डीओ संघटनांचं विलीनीकरण झालं. सुमारे 2000 डीओंनी 65 डॉलर भरून एमडीची पदवी घेतली, डीओंचं कॉलेज एमडी कॉलेज झालं आणि राज्यात नव्या डीओंना परवाने देणं बंद झालं. 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते परत सुरू झालं. आपला व्यवसाय एका मोठ्या राज्यात जवळजवळ पुसला गेला होता, ही आठवण जुन्या डीओंच्या मनात ताजी आहे. म्हणूनच पॅनेलवरच्या ज्येष्ठ माणसाला 'एमडी आणि डीओ आता सारखंच' हे वाक्य टोचतं. कायद्याने आणि कामाच्या हक्कांनी ते खरं आहे. 2020 पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आली आहे. पण तू तेवढंच बोललीस, तर त्याला ऐकू येईल की तुला फरक शोधायचाच नाही.

आता फरकाबद्दल. डीओच्या अभ्यासक्रमात एमडीचं सगळं असतंच. शिवाय हातांनी निदान आणि उपचार करण्याचं साधारण 200 तासांचं शिक्षण असतं. हातांनी करायच्या या उपचारालाच ओएमटी (ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेटिव्ह ट्रीटमेंट) म्हणतात. चार तत्त्वं तुला माहीत असतील: शरीर, मन आणि आत्मा मिळून माणूस एक आहे, शरीरात स्वतःचं नियमन करण्याची आणि बरं होण्याची क्षमता आहे, रचना आणि कार्य एकमेकांवर परिणाम करतात, आणि उपचार या तिन्हींच्या आधारे ठरवायचा. ही तत्त्वं मुलाखतीत म्हणून दाखवू नकोस. ती कामात कशी उतरतात ते सांगता यायला हवं.

माझ्याकडे नेहमी येणारा रुग्ण घे. गोदामात काम करणारा चाळिशीतला माणूस कंबर धरून येतो. मी आधी धोक्याच्या खुणा बघते: पायातली ताकद कमी झालीय का, लघवीवरचा ताबा गेलाय का, ताप आहे का, वजन उतरलंय का. यातलं काही नसलं की पाठीला हात लावते. कोणता मणका कुठल्या बाजूला नीट वळत नाही, कुठले स्नायू ताठरलेत, हे बोटांना कळतं. मग त्याला माझ्या हाताविरुद्ध हलका जोर लावायला सांगते, सोडायला सांगते आणि सैल झालेला भाग थोडा पुढे नेते. याला मसल एनर्जी म्हणतात. त्याच भेटीत तो किती वजन उचलतो, किती झोपतो, शुगर कितीवर आहे, हेही विचारते. गरज असली तर गोळ्या देते, गरज असली तर एमआरआयला पाठवते. शॅडोइंगमध्ये तू असं काही पाहिलं असशील तर तेच सांग: तो रुग्ण, ते हात, आणि तुला त्यातलं काय वेगळं वाटलं. असं पाहिलेलं एक दृश्य 'मला संपूर्ण माणसावर उपचार करायचे आहेत' या वाक्याच्या कितीतरी पुढे जातं. ते वाक्य एका दिवसात मी इतक्यांदा ऐकते की माझी पेन्सिल आपोआप थांबते.

हुशार मुलाखतकार इथे एक पाऊल पुढे जातो: 'ओएमटीला पुरावा काय?' भक्तिभावाने उत्तर देऊ नकोस आणि तुच्छतेनेही नको. 1999 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कंबरदुखीवरचा एक अभ्यास आला होता. 12 आठवड्यांनी ओएमटी घेतलेले आणि नेहमीचे उपचार घेतलेले रुग्ण सारखेच सुधारले, पण ओएमटीच्या गटाला औषधं कमी लागली. निकाल मोठा नाही, पण दुखण्याच्या गोळ्यांच्या व्यसनाने या देशात काय केलंय ते पाहता त्याला अर्थ आहे. याउलट कवटीवर हलक्या स्पर्शाने करायच्या क्रेनियल पद्धतीचा पुरावा कच्चा आहे आणि डीओ मंडळीही ते उघडपणे बोलतात. 'कंबरदुखीत आधार बरा आहे, काही ठिकाणी कमी आहे, आणि मला शिकताना तो वाचायला आवडेल' हे उत्तर मला विश्वासाचं वाटतं.

आपल्या घरांतल्या मुलांसाठी एक इशारा देते, कारण ही चूक मी वारंवार पाहते. 'माझी आजी आयुर्वेदिक औषधं घ्यायची, हळदीचं दूध द्यायची, म्हणून मी होलिस्टिक विचारात वाढले, म्हणून डीओ.' आजीबद्दलचं प्रेम खरं असतं, पण पॅनेलला यातून कळतं की या मुलीला ऑस्टिओपॅथिक मेडिसिन म्हणजे पर्यायी उपचारपद्धती वाटते. डीओ अँटिबायोटिक देतात, भूल देतात, हृदयाच्या शस्त्रक्रिया करतात. आजीची गोष्ट सांगायचीच असेल तर दुसरी सांग. आजी अमेरिकेत आली असताना डॉक्टरांसमोर तू दुभाषी झाली असशील, डॉक्टर स्क्रीनकडे बघत बोलले असतील आणि तिचं अर्धं दुखणं न विचारताच राहिलं असेल. असं काही तुझ्या घरात घडलं असेल तर त्यातून तुला कसा डॉक्टर व्हायचंय ते दिसतं.

याला जोडूनच विचारला जाणारा एक प्रश्न: 'घरच्यांना डीओ म्हणजे काय हे कसं समजावशील?' पुण्यातल्या काकांनी इंटरनेटवर शोधलं तर त्यांना ब्रिटन-ऑस्ट्रेलियातले ऑस्टिओपॅथ सापडतील. ते हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करतात, पण डॉक्टर नसतात आणि औषधं लिहून देत नाहीत. अमेरिकेतला डीओ पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. इथल्या दर चार वैद्यकीय विद्यार्थ्यांत एकाहून जास्त आज डीओचं शिक्षण घेतायत. हे तुला काकांना मराठीत, न चिडता, तीन-चार वाक्यांत सांगता आलं तर पॅनेलसमोर इंग्रजीत नक्की येईल. फोन करून खरंच सांगून बघ.

शॅडोइंग कमी आहे, त्याचं काय? मुलाखतीला किती दिवस उरलेत त्यावर अवलंबून आहे. दोन आठवडे असतील तरी काही सकाळी मिळू शकतात. तुझ्या राज्याच्या ऑस्टिओपॅथिक संघटनेला लिही. घराजवळच्या क्लिनिकच्या यादीत नावापुढे डीओ असलेल्यांना फोन कर. जमलं तर अशा डॉक्टरकडे जा, ज्याच्या रोजच्या कामात ओएमटी आहे, कारण बरेच डीओ प्रत्यक्षात ते क्वचितच करतात. हेही तुला माहीत असायला हवं. कुणी विचारलं तर सांगता येईल की एकाकडे मी ओएमटी पाहिलं, दुसऱ्याकडे नाही, आणि का नाही हे मी त्यांना विचारलं. नाहीच जमलं, तर जे थोडं पाहिलंय तेच नेमकेपणाने सांग. तास फुगवू नकोस. अर्जात आकडे लिहिलेले असतात आणि काही मुलाखतकारांसमोर तो अर्ज उघडा असतो.

काहींसमोर नसतो. त्याला क्लोज्ड फाइल म्हणतात. तिथे त्यांना तुझं फक्त नाव माहीत असतं, कधी कधी थोडी पार्श्वभूमी. मग तुझी गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते. ओपन फाइल असेल तर एखादा कमी ग्रेड किंवा रिकामं गेलेलं सेमिस्टर यावर प्रश्न येणारच. कारण दोन वाक्यांत सांग, मग काय बदललंस ते सांग आणि थांब. खुलासा लांबला की संशय वाढतो. मुलाखत कोणत्या पद्धतीची आहे हे कॉलेजच्या पत्रात नसेल तर ॲडमिशन ऑफिसला विचार. विचारणं गैर नाही.

कॉलेजचं मिशन बघायला मुलं विसरतात. अर्ध्याहून जास्त डीओ प्रायमरी केअरमध्ये जातात आणि बरीच ऑस्टिओपॅथिक कॉलेजं डॉक्टर कमी असलेल्या भागासाठी उभी राहिली आहेत. केंटकीतलं पाइकव्हिलचं कॉलेज ॲपलेशियन डोंगराळ भागासाठी आहे. ओक्लाहोमा स्टेटचं टालेक्वाचं कॉलेज चेरोकी नेशन या मूळ अमेरिकन लोकांच्या राष्ट्राबरोबर 2020 मध्ये सुरू झालं. अशा ठिकाणी न्यू जर्सीच्या मुलीला 'इथेच का?' हे विचारलं जाणारच. 'मला खेड्यातच काम करायचंय' असं उसनं आणू नकोस. खेड्याशी तुझा संबंध नसेल, पण डॉक्टर मिळत नाही म्हणजे काय हे तू कुठे पाहिलंय का? न्यूअर्कच्या फ्री क्लिनिकमध्ये, आजोळी कोकणात, कुठेही? तिथून सुरू कर. आणि त्वचारोगतज्ज्ञ व्हायचं स्वप्न असेल तर लपवू नकोस, पण अजून काहीच पाहिलेलं नाही हेही तेवढंच खरं आहे, तेही बोल.

एमएमआयवर थोडं जास्त लिहिते, कारण तुला तिचीच धास्ती आहे. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात आकाराला आली. सहा ते दहा छोट्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत प्रसंग वाचायला साधारण दोन मिनिटं आणि बोलायला सहा ते आठ. प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळा, त्यामुळे एखादी फेरी फसली तरी पुढची कोरी असते. हे लक्षात ठेवलंस तर निम्मी भीती जाईल. प्रसंग नीतीचे असतात, कधी नटाबरोबर संवाद असतो, कधी एकाने चित्राचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने ते काढायचं. काही फेऱ्यांत तर साधंच 'डीओच का?' असतं.

एक नमुना घेऊ. 75 वर्षांच्या बाईंना कॅन्सर निघालाय. मुलगा तुला दाराबाहेर गाठून म्हणतो, 'आईला सांगू नका, ती खचेल.' बहुतेक मुलं पहिल्याच वाक्यात म्हणतात, 'रुग्णाला जाणून घ्यायचा हक्क आहे, मी सांगेन.' बरोबर आहे, पण सहा मिनिटांचा प्रसंग अर्ध्या मिनिटात संपला आणि मुलगा दारातच उभा राहिला. आपल्या घरांत हे आपण पाहिलेलं असतं: आजोबांचा रिपोर्ट कपाटात ठेवलेला आणि सगळे त्यांच्यासमोर हसून बोलणारे. म्हणून इथे तू इतरांपेक्षा खोल जाऊ शकतेस. आधी मुलाला बसव आणि त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचार. मग त्याला सांग की आईंना खोटं सांगणं मला जमणार नाही, पण त्यांना किती जाणून घ्यायचंय हे मी त्यांनाच विचारेन. आणि खरंच तसं विचार: 'तपासण्यांचं काय निघालं ते तुम्हाला सांगू, की घरातल्या कुणाशी बोलू?' काही आज्या म्हणतात, 'माझ्या मुलाशी बोला.' तो त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय आहे, त्याचा मान ठेवायचा. त्यांनी सरळ विचारलं तर सरळ सांगायचं. भाषेची अडचण असेल तर मुलाला दुभाषी करायचं नाही, हॉस्पिटलचा दुभाषी बोलवायचा. मुलाखतकार मग फासे उलटवेल: 'मुलगा चिडला, तक्रार करतो म्हणाला, आता?' तेव्हा भूमिका सोडू नकोस आणि आवाजही चढवू नकोस. स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही नीतिशास्त्राची चार तत्त्वं डोक्यात असावीत, पण बोलताना माणसं दिसावीत.

यासाठी उत्तरं पाठ करून उपयोग नाही. आपल्या आयुष्यातले सहा-सात प्रसंग काढ: कुणाशी मतभेद झाला, कशात अपयश आलं, कुणाची काळजी घेतली, नियम आणि मन यांत कधी ओढाताण झाली. ते मोठ्याने, इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून सांग. मनातल्या मनात केलेली तयारी फसवी असते, तोंडातून वाक्य निघाल्याशिवाय त्याची लांबी कळत नाही. दोन मिनिटांच्या वर गेलं की काप. एकदा तरी अशा माणसासमोर सराव कर ज्याला तुझं कौतुक नाही. आईबाबा नकोत. कॉलेजचं करिअर सेंटर मॉक इंटरव्ह्यू घेतं, तिथे जा.

झूमवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, उजेड समोरून, आणि स्क्रीनवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या नकोत. वाचणारे डोळे लगेच ओळखू येतात. प्रवेश जसजसे ठरतात तसतशा जागा भरत जातात, म्हणून लवकरची तारीख मिळत असेल तर घे. पण एमएमआयचा एकही सराव न करता घाई करू नकोस.

शेवटी तुझी पाळी येईल: 'आम्हाला काही विचारायचंय का?' इथे वेबसाइटवर सापडेल असं काही विचारू नकोस. अनेक ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत रोटेशनला जातात, कधी कॉलेजपासून कित्येक तास लांब. ही जागा कशी ठरते, लॉटरीने की पसंतीने? तिथे रेसिडेंट असतात का, की मुलं एकट्या डॉक्टरामागे फिरतात? राहायची सोय कोण बघतं? दुसरं, डीओ विद्यार्थ्यांना कॉमलेक्स ही डीओंची परवाना परीक्षा द्यावीच लागते आणि बरेच जण काही स्पेशालिटींसाठी यूएसएमएलई ही एमडींची परीक्षाही देतात. त्या दुहेरी तयारीला कॉलेज वेळ आणि मदत देतं का? ही उत्तरं फक्त शिक्षकांकडून घेऊ नकोस. कॅम्पस दाखवायला आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन हेच विचार आणि त्याच संध्याकाळी लिहून ठेव. दोन्हीकडून होकार आला, तर अनामत भरण्याआधी तुला निवड करायला फार दिवस मिळणार नाहीत.